कंपायलरला ‘नाव’ का दिसत नाही?

प्रश्न : सी शार्पमध्ये माझे ‘ग्राहक’ आणि ‘पुरवठादार’ असे दोन क्लास आहेत. दोन्हींत ‘नाव’ ही प्रॉपर्टी आहे. दोघांच्या याद्या छापायला एकच जेनेरिक मेथड लिहिली, तर कंपायलर म्हणतो, ‘टी’मध्ये ‘नाव’ नाहीच! मला दिसतं ते त्याला का दिसू नये?

उत्तर : कारण तो तुमच्या क्लासकडे बघतच नाही. सी शार्पमध्ये जेनेरिक मेथड एकदाच आणि स्वतंत्रपणे तपासली जाते; उद्या ती कोण वापरणार, याच्याशी त्या तपासणीला देणंघेणं नसतं. ‘टी’वर अट नसेल तर तो नुसता ‘ऑब्जेक्ट’. टू-स्ट्रिंग, इक्वल्स असल्या मोजक्या गोष्टीच त्याच्याकडून मिळतात. सी प्लस प्लसच्या टेम्प्लेटमध्ये दर वापरागणिक खरा टाइप घालून तपासणी होते, त्यामुळे तिथे तुमचा कोड मुकाट चालला असता. (चुकला असता तर मात्र एररची पानंच्या पानं वाचत बसावं लागलं असतं.)

दोन दारांवर ‘पाटील’ पाटी असली म्हणून ती घरं भाऊबंद ठरत नाहीत. सी शार्पला नातं लेखी लागतं. ‘नाव’ असलेला इंटरफेस करा, दोन्ही क्लासना तो लावा आणि मेथडपुढे ‘व्हेअर’ लिहून ‘टी’ला त्याची अट घाला. क्लास एखाद्या टूलने तयार केलेले ‘पार्शल’ असतील, तर इंटरफेस वेगळ्या फाइलमधून जोडता येतो.

पण मुळात जेनेरिक हवंच का? एकाच वस्तूचं नाव छापायचं तर पॅरामीटरचा टाइप सरळ इंटरफेस ठेवा. ग्राहक दिला तर ग्राहकच परत मिळायला हवा, तेव्हा जेनेरिकला पर्याय नाही. यादीचं थोडं वेगळं आहे. ग्राहकांची ‘लिस्ट’ इंटरफेसची ‘लिस्ट’ म्हणून देता येत नाही; तशी मुभा असती तर कुणीही तिच्यात पुरवठादार घुसडला असता. तुम्हाला यादी फक्त वाचायची आहे, तेव्हा ‘आय-इन्यूमरेबल’ घ्या. २०१० च्या सी शार्प ४ पासून ते चालतं.

क्लास दुसऱ्याच्या लायब्ररीतले असले, त्यांना हात लावता येत नसला, तर मेथडला यादीबरोबर नाव काढून देणारं छोटं लॅम्डा फंक्शनही द्या. मग एकात ‘नाव’ आणि दुसऱ्यात ‘पूर्णनाव’ असलं तरी अडत नाही. ‘डायनॅमिक’ वापरूनही काम होईल, पण मी त्या वाटेला जाणार नाही : प्रॉपर्टीच्या नावातली चूक कंपायलरऐवजी गिऱ्हाइकाला सापडते.