पाणबुडीचा टेहळणी-मनोरा

आसोलामेंढ्याच्या तलावांत बुडी मारणाऱ्यास पाण्यावरचें कांहीं दिसत नाहीं. पाणबुडीचीहि अडचण हीच. आयर्लंडांत पूर्वीं शिक्षक असलेल्या जॉन हॉलंडची पाणबुडी १९०० सालीं अमेरिकेच्या आरमारांत दाखल झाली. तिच्या माथ्यावरील लहान मनोऱ्यांत नायक उभा राही. पाहण्यास काचेच्या बारीक खिडक्या असत. त्यामुळें दृष्टि टाकण्यासाठीं मनोरा पाण्याबाहेर काढावा लागे.

पुढें परिदर्शक आला. उभ्या नळीच्या दोन्ही टोकांस तिरपे लोलक बसविले, म्हणजे वरचा प्रकाश वळून खालीं डोळ्यांशीं येतो. परंतु नळी जिकडे वळवावी तिकडचेंच दिसतें. ता. १८ मार्च १९०४ रोजीं ब्रिटिश ‘ए-१’ पाणबुडी एका युद्धनौकेवर नेम धरण्याचा सराव करीत होती. इतक्यांत एका प्रवासी आगबोटीची धडक तिच्या मनोऱ्यास बसली. पाणी आंत शिरून सर्व ११ जण बुडाले. त्यानंतरच्या पाणबुड्यांत मनोऱ्याच्या तळाशींहि घट्ट झांकण बसविण्यांत आलें. हेतु हा कीं, मनोरा फुटला तरी खालचीं माणसें वांचावीं.

मुंबईच्या माझगांव गोदींत बांधलेली ‘शल्की’ १९९२ सालीं आपल्या आरमारांत आली. तींत संकटसमयीं सर्व खलाशांस वर नेणारा पोलादी गोल आहे. विद्यार्थीमित्रहो, यंत्र पाहतांना आम्ही आधीं चाकें पाहतों. तें साधें झांकण मात्र अकरा जणांच्या मरणानंतर बसलें, हें स्मरणांत असावें.