प्रश्नोत्तरे : बेळगाव ते नवनगर, रोज गाडीने परवडेल का?

प्रश्न : मी बेळगावात टिळकवाडीला राहते. एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम बघते. हातात ३८ हजार पगार येतो आणि कचेरी घरापासून स्कूटरने पंधरा मिनिटांवर आहे. आता हुबळी आणि धारवाडच्या मधे नवनगरला नोकरी मिळते आहे, हातात ६० हजार येतील. यजमानांची नोकरी उद्यमबागेत, मुलगी चौथीत, मराठी शाळेत. त्यामुळे घर हलवायचा विचार नाही. घरात पेट्रोलची गाडी आहे, मला चांगली चालवता येते. हायवे सहापदरी आहे, पावणेदोन तासांत पोचता येतं. रोज गाडीने ये-जा करावी का? दीर म्हणतात, टोलचा वर्षाचा पास तीनेक हजारांत मिळतो, पेट्रोल तेवढं धर. सासूबाई म्हणतात, जीव थकेल. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : दिरांचा हिशेब अर्धाच झालाय आणि सासूबाईंनी तो मांडलाच नाही, पण निष्कर्षाच्या जवळ त्याच जास्त आहेत. कसं ते बघू.

आधी पैसे. तुमचं घर ते नवनगर हे अंतर सुमारे ८५ किलोमीटर. येऊन-जाऊन १७०. महिन्याचे कामाचे दिवस २४ धरले तर ४,००० किलोमीटरच्या आसपास. गाडी लिटरला १६ किलोमीटर देते असं समजू आणि पेट्रोल हिशेबाच्या सोयीसाठी १०० रुपये धरू, प्रत्यक्षात थोडं जास्तच पडेल. महिन्याला २५० लिटर म्हणजे २५ हजार रुपये. तुमचा पगार वाढतोय २२ हजारांनी. म्हणजे नुसत्या पेट्रोलमध्येच वाढ संपली आणि वर तीन हजार पदरचे गेले. बहुतेक जण इथेच चकतात, कारण पेट्रोल दोन-दोन हजारांचं भरलं जातं आणि पगार एकदम जमा होतो. महिन्याची बेरीज कोणी करत नाही.

आता टोल. राष्ट्रीय महामार्गांसाठी १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी गाड्यांना फास्टॅगवर वार्षिक पास मिळू लागला. सुरू झाला तेव्हा त्याची किंमत ३ हजार रुपये होती. तो सुरू झाला तेव्हापासून त्याबद्दल एक गैरसमज पसरला आहे, तोच दिरांचाही झालेला दिसतो. पास एक वर्षाचा किंवा २०० फेऱ्यांचा, यातलं जे आधी संपेल तेवढाच चालतो. आणि आपल्या महामार्गावर नाका एकदा ओलांडला की एक फेरी मोजली जाते, परत येताना दुसरी. तुमच्या वाटेवर हिरेबागेवाडीचा एक नाका धरला तरी महिन्याला ४८ फेऱ्या. २०० फेऱ्या चार महिन्यांच्या थोड्या पुढे संपणार, वर्षात तीन पास लागणार. तरी पास घेण्यासारखाच आहे, फेरीला पंधराएक रुपयेच पडतात. महिन्याचा खर्च साडेसातशेच्या आसपास. टोल हा तुमचा खरा प्रश्न नाही.

खरा खर्च आहे तो गाडीच्या आयुष्याचा. महिन्याला ४ हजार म्हणजे वर्षाला ४८ हजार किलोमीटर. एरवी घरची गाडी चार-पाच वर्षांत जेवढी धावते तेवढी तुमची एका वर्षात धावेल. चार टायर ४० हजार किलोमीटरला बदलायचे, त्याचे २० हजार रुपये धरले तर महिन्याचे २ हजार. दर १० हजार किलोमीटरला सर्व्हिसिंग, ऑइल, फिल्टर, मधेच ब्रेकपॅड. महिन्याला अडीच हजार. कंपनीची वॉरंटी एक लाख किलोमीटरची असेल तर ती दोन वर्षांतच संपेल. आणि विकताना काय? पाच वर्षांत ५० हजार किलोमीटर झालेल्या गाडीला गिऱ्हाईक घासाघीस करतं, पण घेतं. सव्वादोन लाखांवर गेलेल्या गाडीकडे ते बघून पुढे जातं. भावातला हा फरक अडीच लाखांचा धरला तर महिन्याला आणखी चार हजार. हायवेवर चालवलेली गाडी कमी झिजते हे म्हणणं खरं आहे, क्लच आणि ब्रेक शहरापेक्षा जास्त टिकतात, पण मीटरवरचा आकडा त्याने कमी होत नाही.

बेरीज ३४ हजारांच्या पुढे जाते. २२ हजार मिळवायला ३४ हजार खर्च. एकटीने रोज गाडी नेण्याचा विषय इथेच मिटला.

तुम्ही विचाराल, मग बॅटरीवरची गाडी? १७० किलोमीटरला घरच्या चार्जिंगचे साधारण ३० युनिट लागतील. युनिटला ७ रुपये धरले तर दिवसाचे २१०, महिन्याचे ५ हजार. पेट्रोलच्या तुलनेत २० हजार वाचले. पण गाडी नवी घ्यावी लागेल. १० लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं तर हप्ता २०,७५० रुपयांच्या घरात जातो. वाचलेले पैसे पेट्रोल पंपाऐवजी बँकेत भरायचे, एवढाच बदल. शिवाय रस्त्यावरचे तास तेवढेच राहतात. आणि तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महाग भाग तो आहे.

तासांचा हिशेब करताना पगाराच्या फरकाला जादा तासांनी भागायचं. आज तुम्ही २४ दिवस रोज आठ तास काम करता आणि ३८ हजार मिळवता. तासाला २०० रुपयांना थोडे कमी. गाडीने रोज साडेतीन तास जाणार, आजचा अर्धा तास वजा केला तर तीन तास जादा. महिन्याचे ७२ तास. समजा, प्रवास कोणी फुकट घडवला तरी या ७२ तासांचे तुम्हाला २२ हजार मिळतात, म्हणजे तासाला तीनशे. हा भाव बरा आहे. म्हणून खर्च कमी करता येतो का, एवढंच आता बघायचं.

तिथे तुमच्याकडे एक मोठी सवलत आहे, तिचा पत्रात उल्लेखच नाही. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजना चालू आहे. राज्यात राहणाऱ्या महिलांना सरकारी साध्या आणि एक्स्प्रेस बसमधून राज्याच्या हद्दीत मोफत प्रवास. वातानुकूलित आणि आरामगाड्या त्यात येत नाहीत. कर्नाटकाचा पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवलं की वाहक शून्य रकमेचं तिकीट देतो. बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून धारवाड-हुबळीच्या गाड्या दिवसभर सुटत असतात. धारवाडला उतरलं की पुढे नवनगरपर्यंत ‘चिगरी’. हुबळी-धारवाडच्या या जलद बससेवेला स्वतःची वेगळी मार्गिका आहे, त्यामुळे वाहनांच्या गर्दीत ती अडकत नाही. धारवाड आणि हुबळी यांच्यामधे रोज स्वतःची गाडी काढणाऱ्यांनीही एकदा हा विचार करावा. बावीसेक किलोमीटरसाठी गाडी झिजवण्याचं कारण तिथे राहिलेलं नाही.

मात्र बसला वेळ जास्त लागतो. घर ते स्थानक, गाडीची वाट, धारवाडला बदल, सगळं धरून एका बाजूला अडीच तास. दिवसाला साडेचार तास जादा, महिन्याला १०८. रिक्षा आणि चिगरीला २ हजार गेले तर २० हजार उरतात. तासाला १८५ रुपये. आजच्या तुमच्या दरापेक्षा जरा कमी. म्हणजे नवी नोकरी तुमचे १०८ तास जुन्याच भावाने विकत घेते, वर काही देत नाही. फरक एवढाच की बसमध्ये झोप काढता येते, वाचता येतं, मुलीशी फोनवर बोलता येतं. स्टिअरिंगवर हात असताना यातलं काहीच होत नाही.

रेल्वेचं विचारलं नाहीत ते बरं केलंत. बेळगाव-धारवाड रेल्वे लोंढ्यावरून वळसा घालून जाते, रस्त्याने ७५ किलोमीटर तर रुळांवरून १२०च्या आसपास. कित्तूरमार्गे सरळ जाणाऱ्या सुमारे ७३ किलोमीटरच्या नव्या मार्गाला २०२० मध्ये मंजुरी मिळाली. बेळगावचे तेव्हाचे खासदार आणि रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी यांनी त्याचा पाठपुरावा केला होता. तो रूळ पडेल तेव्हा हा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागेल.

चार सहकाऱ्यांनी मिळून एक गाडी नेली तर? खर्च साडेआठ हजारांवर येतो, वेळ गाडीइतकाच लागतो आणि तासाचा भाव पुन्हा १८५च्या आसपास पडतो. पेट्रोल वाटून घेणं ठीक. पण पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं घेऊन माणसं नेऊ नका, ते परवान्यात बसत नाही आणि अपघात झाला तर विम्याची पंचाईत होते.

अपघाताचं बोललो म्हणून या रस्त्याबद्दल थोडं. बेळगावहून धारवाड आग्नेयेला आहे. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडूनच उगवतो, म्हणजे सकाळी जाताना तो बरोबर समोर. संध्याकाळी तुम्ही वायव्येकडे तोंड करून परतता, आणि उन्हाळ्यात सूर्य त्याच बाजूला कलतो. वर्षातले कित्येक महिने दोनपैकी एक खेप डोळ्यांवर ऊन घेऊन करावी लागते. त्यात दिवाळीच्या आसपास ऊसतोड सुरू झाली की महामार्गावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर येतात. ऊस ट्रॉलीच्या बाहेर हातभर लोंबत असतो, मागचा लाल दिवा असला तर त्याखाली झाकलेला असतो, आणि ऐंशीच्या वेगाने येणाऱ्याला तो ढीग शेवटच्या क्षणी दिसतो. एम. के. हुबळीच्या साखर कारखान्याकडे वळणारी वाहतूक तुमच्याच रस्त्यावर आहे. जून ते सप्टेंबर पाऊस. पावणेदोन तास हा कोरड्या दिवसाचा, मोकळ्या रस्त्याचा आणि ताज्या माणसाचा वेळ आहे. आठ तास हिशेब तपासून निघालेल्या माणसाचा नाही.

सवय होते, असं तुम्हाला सांगणारे भेटतील. झुरिचचे अर्थतज्ज्ञ ब्रूनो फ्राय आणि आलोइस श्टुट्सर यांनी जर्मनीतल्या पाहण्यांची माहिती घेऊन २००४ मध्ये नेमकं हेच तपासलं. लांबून येणाऱ्याला जादा पगार किंवा स्वस्त घर मिळतं, तेव्हा जवळ राहणाऱ्याइतकाच तो समाधानी असायला हवा, असा अर्थशास्त्राचा अंदाज. तसं आढळलं नाही. प्रवास जितका लांब, तितकं समाधान कमी. वाढलेल्या पगाराची सवय लवकर होते. रस्ता मात्र रोज वेगळा त्रास देतो, म्हणून त्याची सवय होत नाही. सासूबाई हेच म्हणत होत्या.

मग लांबचा प्रवास कधीच करू नये? तसं नाही. गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला जात, आणि तेव्हा तिथेच शिकणारे भीमसेन जोशी परतीच्या वेळी त्यांना स्टेशनपर्यंत सोबत करत. तिकडे जे मिळत होतं ते हुबळीत मिळणारं नव्हतं. तुमच्या नव्या नोकरीत असं काही आहे का? आज तुम्ही नोंदी करता. तिथे जीएसटी, ऑडिट, अंदाजपत्रक हातात येणार असेल आणि दोन वर्षांनी तोच अनुभव घेऊन बेळगावात ५५ हजारांची जागा मिळण्याजोगी असेल, तर १८५ रुपये भाव पडला तरी सौदा वाईट नाही. काम तेच आणि फक्त आकडा मोठा असेल तर जाऊ नका.

धारवाडला खोली घेऊन शनिवारी घरी यायचं, हाही पर्याय कोणी तुम्हाला सुचवेल. भाडं आणि जेवण मिळून १२ हजार गेले तरी हातात दहा उरतात, प्रवास जवळजवळ संपतो. हिशेबात हा पर्याय सगळ्यात चांगला दिसतो. मुलगी चौथीत असताना मी तो सुचवणार नाही.

आता करायचं काय? कंपनीला होकार कळवण्याआधी दोन दिवस रजा काढा. एक सोमवार आणि एक शनिवार, कचेरीच्या वेळा गाठून बसने नवनगरला जाऊन या, आणि दोन्ही दिवशी घरात पाऊल टाकल्याची वेळ कागदावर लिहा. मग कंपनीला विचारा, आठवड्यातून दोन दिवस घरून काम चालेल का. हिशेबाचं काम बहुतेक संगणकावरच असतं, तेव्हा ही मागणी अवाजवी नाही. ते हो म्हणाले तर महिन्यात जायचे दिवस सोळाच उरतात, जादा तास ७०च्या आत येतात आणि बसने जाऊनही तासाचा भाव तीनशेच्या घरात जातो. तसं झालं तर नोकरी घ्या, आणि गाडी घरी यजमानांकडे राहू द्या.