पीसी सुरूच होत नाही? आधी घाबरू नका!

मित्रांनो, जुना पीसी नव्या कॅबिनेटमध्ये बसवायचा म्हणजे चार स्क्रू काढायचे आणि चार लावायचे, असं मलाही वाटायचं. दिवाळीच्या सुट्टीत बाबांचा दहा वर्षं जुना पीसी मी असाच हलवला. त्यांचे सगळे हिशेब त्यातच. बटण दाबलं, पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला. बाबा काही बोलले नाहीत, चहाचा कप घेऊन गॅलरीत गेले. तेच जास्त लागलं. दुकानदार फोनवरच म्हणाला, "बोर्ड गेला, नवा टाका."

बोर्ड गेला नव्हता! पण ते कळायला मला दोन दिवस लागले. तुमचे वाचावेत म्हणून हा लेख.

हात लावण्याआधी प्लग काढा आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला चार्ज निघून जातो. एस.एम.पी.एस. मात्र कधीच उघडू नका. आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतात.

आता लक्षण ओळखा.

१) काहीच हालचाल नाही : एस.एम.पी.एस.चा मागचा स्विच चालू आहे ना? २४ पिनचा कनेक्टर पूर्ण आत गेलाय का? कॅबिनेटच्या बटणाची दोन पिनांची वायर बोर्डवर योग्य जागी आहे का? ती चुकली तर बटण कितीही दाबा, बोर्डला पत्ताच नसतो.

२) पंखे फिरतात, स्क्रीन काळी : प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनचा १२ व्होल्टचा कनेक्टर बघा. तो विसरणारे खूप असतात. ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डलाच लावा. रॅम काढून पुन्हा 'टक्' आवाज येईपर्यंत दाबा. नवा डीडीआर५ बोर्ड असेल तर पहिल्या वेळी काही मिनिटं थांबा, तो मेमरीची जुळवणी करत असतो.

३) क्षणभर चालू, लगेच बंद : कुठेतरी शॉर्ट असल्याची शक्यता मोठी. शॉर्ट झाला की एस.एम.पी.एस. स्वतःला वाचवायला बंद होतो.

तरीही जमलं नाही तर बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवा. फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम आणि एस.एम.पी.एस. जोडा. बोर्डला छोटा स्पीकर लावून रॅमशिवाय सुरू करा. बीप आली तर बोर्ड आणि प्रोसेसर जिवंत आहेत, असं समजायला हरकत नाही. मग एकेक वस्तू जोडत जा. एका वेळी एकच बदल! मी रॅम, केबल, बायोसचा सेल सगळं एकदम बदलत होते, म्हणून काहीच कळत नव्हतं.

पुठ्ठ्यावर आमचा पीसी पहिल्याच फटक्यात सुरू झाला. म्हणजे दोष कॅबिनेटमध्ये! बघितलं तर बोर्डखाली एक पितळी स्टँडऑफ जास्तीचा होता. बोर्डला तिथे भोकच नव्हतं, आणि तो मागच्या सोल्डरला टेकत होता. पान्याने काढला. खर्च शून्य.

बाबांनी हिशेबाची फाईल उघडली आणि म्हणाले, "आता चहा टाक." आमच्याकडे यालाच शाबासकी म्हणतात!

तेव्हा मित्रांनो, "बोर्ड गेला" हे निदान सगळ्यात शेवटी करायचं, सगळ्यात आधी नाही.