चेरी फ्रीजरमध्ये ठेव

अगं, काल फोनवर म्हणालीस ना, 'चेरी आणल्यात, आजच बिअरच्या बादलीत टाकते,' तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. आज टाकू नकोस. फ्रीजरमध्ये ठेव आणि माझं नीट ऐकून घे.

इथे मिशिगनमध्ये जुलैत आंबट माँटमोरेन्सी चेरी येतात. पहिल्या वर्षी मीही यीस्ट घातलं त्याच दिवशी चेरी टाकल्या. आठवडाभर घर नुसतं दरवळत होतं आणि मी खूश! पण सुरुवातीला यीस्ट भरात असतं. वायूचे बुडबुडे सतत वर येतात आणि फळाचा वास सोबत घेऊन जातात. जो सुगंध ग्लासात यायचा, तो घरात उडून गेला होता. ब्रुसेल्सकडे क्रीक नावाची चेरीची बिअर करतात, तेसुद्धा आधी बिअर पिंपात मुरू देतात, मग चेरी घालतात.

म्हणून दहा-बारा दिवस थांब. मग हायड्रोमीटरचा आकडा लिहून ठेव, तीन दिवसांनी पुन्हा बघ. तोच आला तर बिअर शांत झाली.

तोवर चेरी गोठू देत. गोठली की फळाची पेशी फुटते आणि रस सहज सुटतो. पण गोठवल्याने जंतू मरत नाहीत हं. बिया काढ, गर 70 अंश सेल्सिअसवर पंधरा मिनिटं ठेव, गार कर, मगच घाल. उकळू मात्र नकोस. उकळलं की पेक्टिन सुटून बिअर गढूळ होते, चवही जॅमसारखी लागते. भांडी-चमचे सगळं सॅनिटायझरमधून काढ. आई लोणच्याच्या बरणीला ओला हात लागू द्यायची नाही, आठवतं ना? तसंच.

19 लिटरला तीन किलो चेरी पुरतात. रासबेरी असती तर दीड किलोच सांगितली असती, तिची चव फार पुढे येते. आणि मुरांब्यासारखा गोडवा येईल असं मनात धरू नकोस. फळातली साखर यीस्ट खाऊन टाकतं, मागे राहतो आंबटपणा आणि वास. म्हणून मूळ बिअर गव्हाची, हलकी घे. हॉप्स अगदी कमी. कडू आणि आंबट एकत्र जिभेला सोसत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फळ पडलं की बिअर पुन्हा फसफसते. बादलीत वर चांगली जागा सोड, नाहीतर गर एअरलॉकमध्ये अडकतो आणि झाकण उडतं. आठवडा-दोन आठवडे गेले की पुन्हा तसाच तीन दिवसांच्या अंतराने आकडा घे आणि तो हलला नाही तरच बाटल्या भर. मी एकदा हा दुसरा आकडा घेतला नाही. तळघरात दोन बाटल्या फुटल्या, काचेचा तुकडा लाकडी फळीत रुतून बसला. दहा मिनिटांपूर्वी माझी लेक त्याच फळीखाली खेळत होती. हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.

बाटल्या भरायच्या आधी मला दोन्ही आकडे कळव. रात्री उशीर झाला तरी फोन कर, मी जागी असेन.