कळसूबाईची वाट : संकल्प कुठे संपतो, हट्ट कुठे सुरू होतो



आपल्या हैदराबादच्या परिवार गटांतली काही घरं या थंडीत कळसूबाईला जायचं म्हणताहेत. लहान मुलं, सासू-सासरे सगळे बरोबर. म्हणून या वेळचा पाठ त्याच तयारीचा.

कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात. पायथ्याचं गाव बारी. सिकंदराबादहून मनमाडमार्गे नाशिक रोडला उतरायचं, तिथून घोटीमार्गे बारी. प्रवासाच्या थकव्यात त्याच दिवशी चढू नये. रात्री बारीत किंवा भंडारदऱ्याला मुक्काम करावा.

*चढण किती?*
आपला गोवळकोंड्याचा डोंगर साधारण १२० मीटरचा. बारीपासून शिखरापर्यंतची चढण ९०० मीटरच्या आसपास. म्हणजे एका दिवसात सात-साडेसात वेळा बालाहिसारवर चढायचं, आणि तेवढंच उतरायचं! बागेतल्या सपाट वाटेवर रोज फिरणाऱ्यालाही हे जड जातं. म्हणून दीड-दोन महिने आधीपासून आठवड्यातून तीन दिवस जिने चढा. उतरायचा सरावही हवाच, कारण गुडघे बोलतात ते उतरताना. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

*वेळेचं गणित*
सवयीची माणसं तीन-चार तासांत वर जातात. घरची मंडळी बरोबर असतील तर पाच तास धरा. सकाळी सहाला निघालात तर अकरा. माथ्यावर तासभर, उतरायला चार तास. म्हणजे चारपर्यंत खाली. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा हाताशी दोनच तास उरतात. कुणाचा पाय मुरगळला तर ते तिथेच खर्च होतात.

म्हणून एक गोष्ट घरीच ठरवा: बारा वाजले की जिथे असू तिथून परत. शिखर समोर दिसत असलं तरी.

*शिड्या*
अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत. एका वेळी एकानेच चढावं, दोन्ही हात मोकळे ठेवावेत. उतरताना तोंड शिडीकडे. बायकांनी साडीपेक्षा सलवार-कमीज घालावा. शनिवार-रविवारी आणि नवरात्रात इथे रांग लागते, वेळेचं गणित चुकतं, त्यामुळे मधला वार बरा. पावसाळ्यात दगड निसरडे होतात, उन्हाळ्यात सावली नाही. ढग गडगडू लागले तर माथ्यावर आणि लोखंडाजवळ थांबू नये.

*पिशवीत काय?*
माणशी तीन लिटर पाणी, दशम्या किंवा धपाटे, गूळ-शेंगदाणे, संत्री, मीठ-साखर, रोजच्या गोळ्या, विजेरी, गरम कपडा. वाटेत गावकऱ्यांकडे लिंबूपाणी मिळतं, पण त्या भरवशावर निघू नये. बूट कोरे नकोत, पायाला सरावलेले हवेत.

*आता पाठाचा मुद्दा*
माथ्यावर देवीचं छोटं मंदिर आहे. घरून निघताना आपण म्हणतो, "दर्शन घेऊनच येणार." हा संकल्प चांगला. पण अर्ध्या वाटेत आजोबांना धाप लागते, आणि आपण म्हणतो, "थोडंच राहिलंय, बाबा!" तेही आपल्यासाठी दम ओढत उठतात. इथे संकल्प संपला आणि हट्ट सुरू झाला. संकल्पात सगळ्यांची काळजी असते. हट्टात फक्त "मी" असतो.

तेव्हा दोन नियम. सगळ्यांत हळू चालणारा पुढे, बाकीचे त्याच्या मागे. आणि "मला परतायचंय" असं कुणीही म्हटलं तर कारण विचारत बसायचं नाही, एका धडधाकट माणसाने त्यांच्याबरोबर खाली यायचं. एकट्याला पाठवायचं नाही, वाटेत बसवूनही ठेवायचं नाही. जो खाली आला त्याचं दर्शन चुकलं असं आपण मानतो का? सासऱ्यांचा हात धरून उतरणाऱ्या सुनेला देवी काय कमी देईल?

गावात एक कथा सांगतात. कळसू एका घरी कामाला राहिली ती अटीवर: केर-भांडी सांगायची नाहीत. एक दिवस तेच सांगितलं गेलं, आणि ती डोंगरावर निघून गेली. जिने केर काढायला नाही म्हटलं, तिच्या दारात आपण बिस्किटांचे कागद आणि बाटल्या टाकून यायचं का? घरटी एक रिकामी पिशवी न्या, आपला कचरा आपणच खाली आणा.

*रविवारच्या बैठकीत घरच्यांशी बोला:*
१. आपल्यात सगळ्यांत हळू कोण चालतं? त्यांना विचारून बेत ठरलाय का?
२. परत फिरावं लागलं तर त्यांच्याबरोबर कोण येणार? नाव आजच ठरवा.
३. रोजच्या संसारात आपण कुणाला "थोडंच राहिलंय" म्हणत ओढत नेतोय का?

तिसऱ्या प्रश्नाला जरा जास्त वेळ द्या, बरं का. सर्वांचा प्रवास सुखरूप होवो. 🙏