पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीचा चिकटलेला क्लच

पावसाळा ओसरला की भिवंडीतल्या गॅरेजांपुढे दरवर्षी एक ठरावीक दृश्य दिसते. तीन-चार महिने पत्र्याच्या पडवीत उभी असलेली जुनी बुलेट, येझदी किंवा आरएक्स १०० कोणीतरी घाम पुशीत ढकलत आणतो. तक्रार एकच असते : ‘‘उस्ताद, इंजिन चालू होते, पण क्लच दाबून गिअर टाकला की गाडी झटका मारून बंद पडते.’’

आपल्याकडे गाडी बंद ठेवण्याची कारणे पुष्कळ. कोणी आखातात नोकरीला जातो आणि गाडी घरच्या ओसरीवर ठेवतो. लूमवरचा कारागीर सणाला किंवा लग्नाला गावी जातो आणि दोन महिन्यांनी परततो. कोणी पावसात गाडी खराब नको म्हणून जूनमध्येच तिच्यावर ताडपत्री टाकतो. थंड देशांत बर्फाच्या दिवसांत मोटारसायकली बंद ठेवतात आणि थंडी सरल्यावर तिथल्या लोकांनाही हाच त्रास होतो. तिथे थंडी, इथे दमट हवा. पण क्लचची दशा सारखीच.

हा दोष फार मोठा नाही. बहुतेक वेळा एक पैशाचाही नवा भाग न घालता तो दूर होतो. मात्र घाई केली तर शंभर रुपयांच्या कामाचे हजारोंचे काम होते. म्हणून आमच्या कारागीर बंधूंसाठी आणि स्वतःची गाडी स्वतः सांभाळणाऱ्या व्यापारी वाचकांसाठी हा धडा क्रमाने देत आहोत.

क्लच चिकटतो म्हणजे काय होते?

जुन्या मोटारसायकलींचा क्लच बहुधा तेलात बुडालेला आणि अनेक प्लेटांचा असतो. एक घर्षणाची प्लेट, तिच्यावर एक पोलादी, पुन्हा घर्षणाची, पुन्हा पोलादी, अशी थर लावल्यासारखी रचना असते. घर्षणाच्या प्लेटांवर बुचाचे किंवा फायबरचे तुकडे बसवलेले असतात. घर्षणाच्या प्लेटा बाहेरच्या डब्याबरोबर म्हणजे इंजिनाबरोबर फिरतात, तर पोलादी प्लेटा आतल्या हबबरोबर म्हणजे गिअरबॉक्सबरोबर. स्प्रिंगा हा सारा गठ्ठा दाबून धरतात, म्हणून इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोहोचते. आपण लिव्हर दाबला की प्रेशर प्लेट स्प्रिंगांच्या विरुद्ध थोडी उचलली जाते, प्लेटा सुट्या होतात आणि ताकद तुटते.

काचेचे दोन ओले तुकडे एकमेकांवर ठेवून पाहा. सरकवता येतात, पण उचलून सुटे करणे कठीण जाते. प्लेटांचेही तसेच आहे. महिनोन् महिने दाबाखाली राहिल्यावर मधले तेल पिळून निघते आणि उरलेला पातळ थर जुना होऊन डिंकासारखा चिकट बनतो. त्यात दमट हवेने पोलादी प्लेटेवर गंजाचे ठिपके आले की ते बुचात किंवा फायबरमध्ये रुततात. मग लिव्हर दाबल्यावर प्रेशर प्लेट उचलली जाते खरी, पण प्लेटांचा गठ्ठा एकसंधच राहतो.

आधी निदान, मग पाना

लिव्हरपासून सुरुवात करा. तो जड लागतो किंवा दाबल्यावर परत येत नाही, तर दोष बहुधा केबलमध्ये आहे. पावसाचे पाणी केबलच्या आवरणात शिरून आतली तार गंजते. अशा वेळी क्लच उघडणे म्हणजे दात दुखत असताना कान तपासणे.

दुसऱ्या माणसाला लिव्हर दाबायला सांगा आणि आपण इंजिनावरचा क्लचचा दांडा पाहा. दांडा पुरता हलत नसेल तर केबल सैल किंवा तुटत आलेली आहे. लिव्हरच्या मुळाशी साधारण २ ते ३ मिलिमीटर मोकळी चाल असावी. तिच्याहून फार जास्त असेल तर चांगल्या प्लेटाही नीट सुटत नाहीत.

दांडा नीट हलतो, केबल ठीक आहे आणि तरी क्लच दाबून गिअरमध्ये गाडी ढकलली असता इंजिन फिरते किंवा मागचे चाक अडते, तर प्लेटा चिकटल्या असे धरावे. जुन्या बुलेटमध्ये आणखी एक सोपी खूण आहे. तिची किक गिअरबॉक्स आणि क्लचमधून इंजिनाकडे जाते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, लिव्हर दाबून किक मारा. प्लेटा सुट्या असतील तर किक हलकेच खाली जाते आणि इंजिन फिरत नाही. इंजिन फिरले तर प्लेटा चिकटलेल्या आहेत. आरएक्स १०० ची किक क्लचच्या बाहेरच्या भागावरून काम करते, त्यामुळे ही परीक्षा तिला लागू पडत नाही.

तेल कुठे आहे ते ओळखा

पुढचे काम करण्याआधी तेल तपासा. येझदी आणि आरएक्स १०० या टू-स्ट्रोक गाड्यांत क्लच गिअरबॉक्सच्या तेलात चालतो. पेट्रोलमध्ये मिसळायचे किंवा पंपाने जाणारे तेल वेगळे. हिरो होंडा सीडी १०० सारख्या फोर-स्ट्रोक गाडीत इंजिनाचे तेलच क्लचला मिळते. जुन्या बुलेटमध्ये डाव्या बाजूच्या प्रायमरी चेनच्या डब्याचे तेल निराळे असते. हा फरक न ओळखता चुकीच्या भोकात तेल ओतणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत.

तेल दुधासारखे पांढरट दिसले तर आत पाणी शिरले आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरात मुंबई-ठाणे परिसरातली असंख्य वाहने पाण्याखाली गेली होती. अशा बुडालेल्या गाडीला किक मारत बसू नये. आधी तेल काढावे, प्लग काढून सिलिंडरमध्ये पाणी नाही याची खात्री करावी, नवे तेल भरून थोडे चालवून तेही बदलावे.

न उघडता सोडवण्याच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी धीराची. योग्य तेल भरा, लिव्हर पूर्ण दाबा आणि जुन्या ट्यूबच्या पट्टीने हँडलला बांधून गाडी रात्रभर ठेवा. प्रेशर प्लेटेचा दाब उठला की तेल हळूहळू प्लेटांमध्ये शिरते. सकाळी पुष्कळ गाड्या एवढ्यानेच सुटतात.

दुसरी पायरी उष्णतेची. गाडी न्यूट्रलमध्ये दहा मिनिटे चालवून तेल गरम करा. प्रायमरीचे तेल वेगळे असलेल्या बुलेटला थोडा जास्त वेळ द्या. इंजिन बंद करा, लिव्हर दाबून धरा, वरचा गिअर टाका आणि गाडी पुढे-मागे झटक्याने हलवा. वरचाच गिअर का? खालच्या गिअरमध्ये गाडी ढकलणे जड जाते आणि आपला जोर वाया जातो; वरच्या गिअरमध्ये तोच जोर क्लचपर्यंत अधिक पोहोचतो. एकदम ‘टक्’ असा आवाज होऊन गाडी हलकी झाली की प्लेटा सुटल्या.

तिसरी पायरी फक्त अनुभवी चालकाची, आणि तीही मोकळ्या मैदानात. इंजिन गरम करून न्यूट्रलमध्ये गाडी चालण्याच्या वेगाने ढकलत आणावी, वर बसून पहिला किंवा दुसरा गिअर टाकावा. गाडी चालू लागली की लिव्हर पूर्ण दाबून धरावा आणि थ्रॉटल थोडा उघड-बंद करावा. मधूनच मागचा ब्रेक हलका लावावा. या ओढाताणीत प्लेटा सरकतात. लक्षात ठेवा, सुटेपर्यंत या गाडीला क्लच नाही असेच समजायचे. थांबायचे असेल तर ब्रेक आणि चावी या दोनच गोष्टी हाताशी असतात. म्हणून गल्लीत, बाजारात किंवा ट्रकांची रीघ असलेल्या नाशिक महामार्गावर हा प्रयोग कधीही करू नये. पाच-सहा वेळा करून सुटला नाही तर हट्ट सोडावा.

आमच्या ओळखीच्या एका सायझिंगमधल्या जॉबरने आपली गाडी अशीच एका गॅरेजात दिली होती. तिथल्या पोराने गाडी मेन स्टँडवर लावली, इंजिन जोरात रेस केले आणि लाथेने गिअर टाकला. गाडी स्टँडवरून उडून भिंतीवर आदळली, हेडलाइट फुटला, वर गिअरचे दोन दात तुटले. क्लच मात्र चिकटलेलाच राहिला. गिअरबॉक्स उघडण्यात त्या गृहस्थाची आठ दिवसांची रोजी गेली, कारण कामावर ये-जा त्याच गाडीवर होती.

क्लच उघडावाच लागला तर

तेल काढून झाकण उघडा. स्प्रिंगांचे स्क्रू एकदम एकेक करून काढू नका; समोरासमोरचे थोडे थोडे सैल करा, नाहीतर प्लेट तिरपी होऊन अडकते. प्लेटा निघतील त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडा. चिकटलेल्या प्लेटांमध्ये धारदार स्क्रू ड्रायव्हर खुपसू नका, बुच उखडते. पातळ, बोथट पट्टी कडेकडेने फिरवून त्या सुट्या करा.

पोलादी प्लेट सपाट काचेवर ठेवून पाहा. डुगडुगली तर वाकलेली आहे, ती बदला. निळा रंग चढला असेल तर ती तापून गेली आहे. तिचा सपाटपणा विशेष काळजीने तपासा. नुसता गंज असेल तर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून गोल फिरवत घासा. घर्षणाच्या प्लेटेचे तुकडे उडालेले, जळालेले किंवा कंपनीच्या मापापेक्षा झिजलेले असतील तरच ती बदला. बाहेरच्या डब्याच्या खाचांवरून नख फिरवा. प्लेटांच्या कानांनी तिथे खड्डे पाडले असतील तर नव्या प्लेटाही अडतील. खड्डे बारीक असतील तर कानसीने साफ करता येतात. खोल असतील तर डबा बदलणे बरे.

दोन गोष्टी जिवाच्या. जुन्या काळच्या घर्षणाच्या मालात अॅस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. ओल्या चिंधीने पुसा. आणि भाग धुताना पेट्रोल वापरू नका, रॉकेल वापरा, तेही उघड्यावर. आपल्या गावात लूमची रुई कुठे उडत नाही? एका ठिणगीने गॅरेजच काय, शेजारचा कारखानाही पेटेल.

घर्षणाच्या प्लेटा बसवण्यापूर्वी ताज्या तेलात काही तास, शक्य तर रात्रभर भिजवा. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच फेरीत जळतात. स्क्रू सारखे आवळा. जुन्या बुलेटमध्ये झाकण लावण्यापूर्वी लिव्हर दाबून प्रेशर प्लेट सरळ उचलते का ते पाहा. एका बाजूला कलली तर त्या प्रमाणात स्क्रू जुळवून घ्या. येझदीत गिअरचा दांडा दाबतानाही क्लच सुटण्याची सोय असते, तेव्हा तिथली जुळणीही तपासा. शेवटी लिव्हरची मोकळी चाल पुन्हा ठेवा. चाल अजिबात ठेवली नाही तर क्लच घसरतो आणि प्लेटा जळतात.

तेल कंपनीने सांगितलेल्या जाडीचेच भरा. फार जाड तेलाने प्लेटा ओढल्या जातात. मोटारीच्या काही तेलांतील घसरणीच्या रसायनांनी क्लच घसरतो. फोर-स्ट्रोक मोटारसायकलच्या डब्यावर ‘जासो एमए’ ही खूण असलेले तेल ओल्या क्लचला चालते.

पुढल्या पावसाळ्यासाठी

गाडी बंद ठेवण्याआधी जुने तेल बदला आणि नव्या तेलात गाडी थोडी फिरवून आणा. केबल लिव्हरकडून सोडून तिच्या तोंडातून तेल सोडा, ते खालून ठिबकेपर्यंत. लिव्हर रबराच्या पट्टीने दाबून बांधा. प्लास्टिकने गाडी गुंडाळू नका, आत दमटपणा कोंडतो. सुती कापड टाका. घरात कोणी असेल तर दर पंधरवड्याला लिव्हर पंचवीस-तीस वेळा दाबून सोडायला सांगा. आखातातून आलेला मुलगा मग पहिल्याच दिवशी गाडी बाहेर काढू शकेल.

धंद्याची गोष्ट

येझदी आणि आरएक्स १०० यांचे जुने उत्पादन १९९६ मध्ये थांबले. त्यांचे अस्सल भाग आज सहज मिळत नाहीत आणि मिळाले तर स्वस्त नसतात. म्हणून चांगली जुनी प्लेट फेकून हलकी नवी घालणे हे गिऱ्हाइकाचे दुहेरी नुकसान आहे. गिऱ्हाइकाला क्लचच्या आतले काही दिसत नाही. तो आपल्या शब्दावर गाडी सोडून जातो. प्लेटा नुसत्या चिकटल्या होत्या, तर तसे स्पष्ट सांगावे आणि आपल्या वेळेची मजुरी उघडपणे मागावी. भाग बदलला, तर काढलेला जुना भाग पिशवीत घालून बिलाबरोबर त्याच्या हाती द्यावा.

एखाद्या दिवशी असे केल्याने दोनशे रुपये कमी मिळतील. पण तोच माणूस पुढच्या वर्षी आपल्या भावाची आणि शेजाऱ्याची गाडी घेऊन येतो. चिकटलेला क्लच एका रात्रीत सुटतो. गिऱ्हाइकाच्या मनातला संशय मात्र वर्षानुवर्षे सुटत नाही.