तयार ड्रम लूप वापरणं ही फसवणूक आहे का?

प्रश्न : मी घरच्या संगणकावर अहिराणी गाण्यांना संगीत देतो. ठेका तयार ड्रम लूपचा असतो. धुळ्याचे एक ढोलकीवादक याला फसवणूक म्हणतात. खरंच तसं आहे का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : नाही. परवाना असलेला लूप वापरणं ही फसवणूक नव्हे. रिहानाच्या २००७च्या ‘अम्ब्रेला’ या गाण्याचा ताल ॲपलच्या गॅरेजबँडमधल्या तयार लूपवर उभा आहे. अन्याय होतो तो कुणाचं वादन न विचारता उचलल्यानं. ‘द विन्स्टन्स’ या बँडच्या १९६९च्या ध्वनिमुद्रिकेतले ड्रमचे काही सेकंद हजारो गाण्यांत वाजले, पण ते वाजवणाऱ्या ग्रेगरी कोलमनला त्याची रॉयल्टी मिळाली नाही.

म्हणून आधी परवान्याच्या अटी नीट वाचा. तोच लूप इतरांकडेही असतो, त्यामुळे यूट्यूबच्या कंटेंट आयडी या हक्क ओळखणाऱ्या यंत्रणेत त्यावर एकट्याचा हक्क सांगता येत नाही.

ढोलकीवादकांचं म्हणणंही मनावर घ्या. खानदेशातल्या कानबाई देवीच्या मिरवणुकीतला ठेका परदेशी लूपसंचात सापडणं अवघड. लूप कापा, ठोके पुढेमागे सरकवा आणि त्यावर खरी ढोलकी किंवा संबळ ध्वनिमुद्रित करा. वादकाला मानधन द्या, श्रेयनामावलीत त्याचं नाव घाला. सुरुवात धुळ्याच्या त्याच वादकांपासून करा.